मदत हवी आहे: पेठेतल्या जुन्या शर्यतीची माहिती

नमस्कार मंडळी. बाबा तरुणपणी दरवर्षी कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या धावण्याच्या शर्यतीत उतरायचे. बिंदू चौकातून निघून रंकाळा तलावाला वळसा घालून परत. घरात एक पितळी बिल्ला उरलाय, त्यावरचं साल पार झिजलंय. कुणाकडे जुनी प्रमाणपत्रं, छातीवरचे नंबर, वर्गणीची पावतीपुस्तकं आहेत का? मोबाईलवर काढलेला फोटोही चालेल.

कोल्हापूर म्हटलं की कुस्ती, १९५२ चं खाशाबा जाधवांचं ऑलिंपिक कांस्यपदक, आणि ते योग्यच. पण बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये १९ वे आले, हे किती जणांना ठाऊक आहे? धावणाऱ्यांचं फारसं कुणी लिहूनच ठेवलं नाही.

बाबा आता ८० वर्षांचे आहेत. त्या वेळचे कुणी पंच किंवा धावपटू ओळखीचे असतील तर कृपया कळवा, मी घरी येऊन भेटेन.