आठवीनंतर मुलगी शाळेत टिकली ती कशामुळे? तुमचे अनुभव लिहा

शिक्षण हक्काच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत हवी असं धरलंय. नववीपासून पुढे असं कुठलंच बंधन नाही. आडगावातली मुलगी बहुधा तिथेच घरी बसते. योजनांची नावं सगळ्यांना पाठ आहेत, घर ते शाळा या वाटेवर काय घडतं ते लिहा.

शिरूर कासार, बीड
दिवाळी झाली की ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रक दारात. मजुरीची आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेतलेली, म्हणून आईबापाला जाणं भागच. सहावीत असताना धाकट्याला सांभाळायला मलाही उसाच्या फडावर न्यायचं ठरलं होतं. त्याच वर्षी शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालं, जेवणाची सोय झाली आणि मी आजीजवळ राहिले. पण खरं सांगू, जेवणापेक्षा आजी होती म्हणून मी शिकले. जिच्या घरी मागं थांबणारं माणूस नव्हतं, ती फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर गेली आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर परत आली तेव्हा वर्ग कितीतरी पुढे गेलेला. वयात आलेली पोर मागं एकटी कशी ठेवायची, या घोरापायी लग्न उरकतात. त्यात नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता असा हिशेब धरतात, म्हणजे लग्न झालं की पुढच्या हंगामाला नवी उचल! माझ्या बाकावरची मैत्रीण अशीच गेली. फार हुशार होती, गणितात माझ्या कितीतरी पुढे. मी आज नर्स आहे. वसतिगृह दिवाळीआधी सुरू झालं पाहिजे, टोळ्या निघून गेल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

धडगाव, आश्रमशाळेतली शिक्षिका
होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार आणि होळी झाली की मुलींना पाड्यांवरून परत आणायला आम्हीच डोंगर चढतो. एका आईने मला भाकरी वाढता वाढता विचारलं, "रात्री पोरींजवळ बाई झोपते का?" अभ्यासाचं, निकालाचं काहीच विचारलं नाही. वसतिगृहात मुलींजवळ राहणाऱ्या अधीक्षिकेची जागा रिकामी असली की पालक मुली पाठवत नाहीत, आणि मला त्यांचं शंभर टक्के पटतं.

धनगरवाडा, राधानगरी
शाळेची वाट जंगलातनं, गव्यांचं भ्या. म्हणून वाड्यावरच्या घरांनी पाळी लावलीय, रोज एका घरचा माणूस पोरींसंगं जातो. भातलावणीत माणूस मिळत नाही, तेव्हा म्हातारी माणसं जातात. माझी लेक दहावीला आहे.

मुख्याध्यापिका, मराठवाडा
संडास आहे पण पाणी नाही, म्हणून मोठ्या मुली पाळीच्या दिवसांत घरी राहायच्या. ग्रामपंचायतीच्या मागे लागून नळ घेतला. हजेरीत फरक पडला.

एसटी वाहक, विदर्भ
शाळेच्या मुलींसाठी मानव विकास योजनेतून निळी एसटी चालते, मी त्या गाडीवर असते. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, पण संध्याकाळची गाडी चुकली तर पासाचं काय करायचं? एकदा पोर अंधारात चालत घरी आली की दुसऱ्या दिवशी बाप म्हणतो, पुरे झालं. दहावीचे जादा तास असतील तर शाळेने डेपोला आधी कळवावं, वेळ बदलून मागता येते. आमच्या मार्गावरच्या एका शाळेचे सर दिवाळीच्या सुट्टीतच पत्र देऊन जातात.