मदत हवी आहे: झिग ०.१५ वर आणल्यापासून हॅशमॅपमधली नावं बिघडतात

नमस्कार. झिग या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम आहे. सर्व्हरची लॉग फाइल ओळीओळीने वाचायची, ओळीच्या सुरुवातीला असलेलं सर्व्हिसचं नाव काढायचं आणि कोणत्या सर्व्हिसने किती एरर दिल्या ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. मोजणी स्ट्रिंगहॅशमॅपमध्ये (नावावरून आकडा शोधून देणारं टेबल) ठेवतो. ०.१४ वर सगळं व्यवस्थित होतं. ०.१५ मध्ये रीडर-रायटर (वाचण्या-लिहिण्याची सोय) पूर्ण बदलले, त्यामुळे वाचण्याचा भाग नव्याने लिहावा लागला. आधी प्रत्येक ओळ अलोकेटरकडून (मेमरी देणारा भाग) मेमरी घेऊन मिळायची आणि सगळं एका अरीनामध्ये (एकदम सोडता येणारा मेमरीचा साठा) होतं. आता रीडर तयार करताना एक बफर (वाचलेला डेटा तात्पुरता ठेवायची जागा) देतो आणि त्याच्याकडून एकेक ओळ मागतो. बाकी एकही ओळ बदललेली नाही.

आता लक्षणं सांगतो. चाचणीसाठी ठेवलेल्या लहान फाइलवर उत्तर अगदी बरोबर येतं. खरी, मोठी फाइल दिली की नावांच्या जागी भलत्याच ओळींचे मधलेच तुकडे छापले जातात. काही नावं दोनदा-तीनदा येतात आणि त्यांची मोजणी विभागली जाते. एक गोष्ट मात्र लक्षात आली: तुकड्याची लांबी नेहमी कुठल्या तरी खऱ्या सर्व्हिसच्या नावाइतकीच असते.

मेमरीचा घोळ असेल म्हणून अरीना काढून डीबगअलोकेटर (मेमरीच्या चुका पकडणारा अलोकेटर) लावून पाहिला. त्याने अवाक्षर काढलं नाही. लीक (सोडायची राहिलेली मेमरी) नाही, दोनदा फ्री केलेलं नाही. डीबग आणि रिलीजसेफ दोन्ही बिल्डमध्ये प्रोग्रॅम शांतपणे शेवटपर्यंत जातो आणि चुकीचं उत्तर देतो. क्रॅश झाला असता तर निदान सुरुवात कुठून करायची ते कळलं असतं. मी सी मधून आलोय, पॉइंटर नवे नाहीत. पण इथे कुठली मेमरी कोणाची, हे कशावरून ओळखायचं तेच उमगत नाहीये. हॅशमॅपमध्ये बग आहे का? की नवीन रीडरमध्ये?

प्रतिसाद १

दोन्हींत बग नसावा. रीडरला दिलेला बफर किती बाइटचा आहे? आणि तुमची लहान फाइल त्या बफरात अख्खी मावते का? बफर मुद्दाम छोटा करा, २५६ बाइट, आणि तीच लहान फाइल चालवून बघा. बिघडली तर कारण सापडलं म्हणून समजा.

धागाकर्ता

बफर ४०९६ बाइटचा होता आणि लहान फाइल त्यात सहज मावत होती. २५६ केल्यावर लहान फाइलवरही तोच प्रकार झाला! पण असं का होतं?

प्रतिसाद २

सविस्तर लिहितो, कारण ०.१५ वर येणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला हे येणार आहे.

झिगमध्ये स्ट्रिंग असा वेगळा प्रकार नाही. तुमच्या हातात असते ती बाइटची स्लाइस, म्हणजे एक पॉइंटर आणि एक लांबी. ६४ बिटच्या मशीनवर मिळून १६ बाइट. तुम्ही हॅशमॅपला नाव देता तेव्हा तो हे १६ बाइटच ठेवून घेतो. पॉइंटर ज्याकडे बोट दाखवतो ती अक्षरं तो कॉपी करत नाही. तसं करायचं तर मेमरी मागावी लागेल, नंतर ती कोणी सोडायची हे ठरवावं लागेल, आणि तो निर्णय लायब्ररी तुमच्या वतीने घेत नाही.

आता रीडर. त्याने दिलेली ओळसुद्धा स्लाइसच आहे, तुमच्या बफरातल्या एका जागेकडे बोट दाखवणारी. बफर संपत आला की रीडर उरलेला मजकूर सुरुवातीला सरकवतो आणि पुढचा डेटा जुन्या अक्षरांवरच लिहितो. हॅशमॅपमधले पॉइंटर आणि लांब्या तशाच राहतात, खालची अक्षरं बदलतात. म्हणूनच तुम्हाला तुकड्यांची लांबी खऱ्या नावांएवढी दिसली. निदानाच्या दृष्टीने तुमचं ते निरीक्षण सगळ्यात मोलाचं होतं.

नावं दोनदा का येतात? तेच नाव पुन्हा आलं की हॅश (नावाच्या अक्षरांवरून काढलेला आकडा) जुन्याच जागेवर नेतो, पण तिथली अक्षरं आता वेगळी असल्याने तुलना फसते आणि नवीन नोंद होते. शिवाय टेबल मोठं होताना हॅश पुन्हा काढले जातात, आणि तेव्हा बिघडलेल्या अक्षरांवरून काढले जातात. मग काही नोंदी कायमच्या भलत्या ठिकाणी जाऊन बसतात.

डीबगअलोकेटर गप्प राहिला हेही बरोबरच आहे. तो स्वतः दिलेल्या मेमरीवर लक्ष ठेवतो. तुमचा बफर स्टॅकवर आहे, म्हणजे अलोकेटरकडून घेतलेला नाही, आणि शेवटपर्यंत जिवंत आहे. फ्री केलेल्या जागेला कोणी हात लावलेला नाही, हद्दीबाहेर कोणी वाचलेलं नाही. वैध जागेत वेगळा मजकूर आला, एवढंच. व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं साधन) चालवलं असतं तरी ते काही बोललं नसतं.

०.१४ मध्ये तुम्ही जे फंक्शन वापरत होता ते प्रत्येक ओळीसाठी नवीन मेमरी घ्यायचं आणि अरीना ती शेवटपर्यंत सांभाळायचा. म्हणून नावं टिकत होती. त्याची किंमत अशी होती की अख्खी फाइल मेमरीत साठत होती. आता फक्त वेगळ्या नावांच्या प्रती कराव्या लागतील आणि मेमरी खूपच कमी लागेल.

उपाय असा: गेटऑरपुट वापरा. ते सांगतं की नोंद आधीपासून होती की आत्ता तयार झाली. आत्ताच झाली असेल तरच अलोकेटरच्या डुपने नावाची प्रत करा, ती नोंदीतल्या कीच्या (म्हणजे नावाच्या) जागी ठेवा आणि मोजणी शून्यावर आणा. आधीची असेल तर नुसता एक वाढवा.

धागाकर्ता

केलं, आणि मोठ्या फाइलवर सगळी नावं जागच्या जागी आली. मनापासून आभार. लांबीचं कोडं सुटलं तेव्हा फार बरं वाटलं.

आता मात्र डीबगअलोकेटर बोलू लागलाय. प्रोग्रॅम संपताना लीकची भलीमोठी यादी येते. मॅपचं डीइनिट (साफसफाईचं फंक्शन) तर मी डिफरने (ब्लॉक संपताना चालेल असं) आधीच लावलेलं आहे.

प्रतिसाद ३

मॅपचं डीइनिट फक्त टेबल सोडतं. प्रती तुम्ही केल्या, त्या तुम्हीच सोडायच्या. डीइनिटच्या आधी की-इटरेटर फिरवून प्रत्येक नाव फ्री करा. एकदा चालून संपणारा प्रोग्रॅम असेल तर नावांच्या प्रती अरीनामधून घ्या आणि शेवटी अरीना एकदम सोडा, ते जास्त सुटसुटीत.

एक बारीक खड्डा आहे, तोही सांगून ठेवतो. गेटऑरपुट यशस्वी झालं आणि त्यानंतर डुपला मेमरी मिळाली नाही, तर मॅपमध्ये अर्धवट नोंद राहते. तिची की बफराकडे बोट दाखवत असते आणि मोजणीची किंमत भरलेलीच नसते. फ्री करणारा लूप मग त्या बफरातल्या पॉइंटरलाही फ्री करायला जाईल. म्हणून नोंद नवीन असेल त्या शाखेत, डुपच्या आधी, एररडिफर (एरर आली तरच चालणारं डिफर) लावून ती नोंद काढून टाका. हे तपासायला स्टँडर्ड लायब्ररीच्या टेस्टिंग विभागात चेकऑलअलोकेशनफेल्युअर्स आहे. ते तुमचं फंक्शन पुन्हापुन्हा चालवतं आणि दर वेळी पुढचं एक अलोकेशन मुद्दाम फसवतं. सी मध्ये मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) फसल्यावरचा कोड लिहितात सगळे, तपासत जवळपास कोणीच नाही. या भाषेतली मला सर्वांत आवडणारी सोय हीच.

प्रतिसाद ४

मी कामासाठी रस्ट ही भाषा वापरतो, म्हणून एक वेगळं मत मांडतो. हाच प्रोग्रॅम रस्टमध्ये असा लिहिला असता तर कंपाइलच झाला नसता. बफर पुन्हा भरताना त्यातल्या मजकुराची उधारी मॅपकडे आहे, हे बॉरो चेकरने (उधारी तपासणारा कंपाइलरचा भाग) तिथेच पकडलं असतं. झिगचा कंपाइलर स्लाइस किती काळ वैध आहे ते पाहत नाही, आणि हा फरक लहान नाही. भाषा अजून १.० ला पोहोचलेली नाही, स्टँडर्ड लायब्ररी बदलत राहते, आणि बदलाबरोबर मेमरीचा मालकही बदलतो. धागाकर्त्यांचा आधीचा कोड बरोबर होता. एरर न देता त्याचा अर्थ बदलला. चुकीचं उत्तर शांतपणे येणं हे क्रॅशपेक्षा वाईट, आणि निवड करताना हे वजनात धरायलाच हवं.

प्रतिसाद २

मान्य आहे, रस्टने हे पकडलं असतं. भाषा बदलावी की नाही हा धागाकर्त्यांचा प्रश्न नाही, म्हणून त्यात शिरत नाही. पण "कशावरून ओळखायचं" हे त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये विचारलं होतं आणि ते राहून गेलंय.

फंक्शनच्या सहीत (सिग्नेचर, म्हणजे ते काय घेतं आणि काय परत देतं हे सांगणारी ओळ) अलोकेटर आहे का ते बघा. झिगमध्ये गुपचूप मेमरी घेणारा सगळीकडचा मॅलॉक नाही. ज्याला मेमरी हवी त्याने अलोकेटर मागायचा, अशी रीत आहे आणि स्टँडर्ड लायब्ररी ती पाळते. अलोकेटर घेऊन स्लाइस परत दिली तर बहुतेक वेळा ती तुमची, सोडायची जबाबदारीही तुमची. अलोकेटर न घेता स्लाइस परत आली, तर ती मेमरी आधीपासून कोणाची तरी असणारच: तुम्ही दिलेल्या बफराची नाहीतर त्या वस्तूची. अलोकप्रिंट आणि बफप्रिंट ही मजकूर तयार करणारी फंक्शन्स शेजारी ठेवून पाहा, एकाला अलोकेटर लागतो, दुसऱ्याला बफर. तुमच्या जुन्या वाचणाऱ्या फंक्शनच्या सहीत अलोकेटर होता, नव्याच्या सहीत नाही. पोर्ट करताना (कोड नव्या आवृत्तीवर आणताना) नेमकी हीच जागा थांबून बघायची.

अपवाद असतात. एखादी रचना तयार होतानाच अलोकेटर जवळ ठेवून घेते, मग पुढच्या सह्यांमध्ये तो दिसत नाही. तुमचा स्ट्रिंगहॅशमॅप त्यातलाच. ०.१५ मध्ये ॲरेलिस्टने ही पद्धत सोडली, आता वाढवण्याच्या प्रत्येक कॉलला अलोकेटर द्यावा लागतो. टाइप जास्त करावं लागतं म्हणून अनेकांना ते रुचलं नाही. मला आवडलं, कारण कोणत्या ओळीत मेमरी हलू शकते ते वाचतानाच कळतं. आणि ॲरेलिस्टमध्ये ते कळणं गरजेचं आहे: यादी वाढताना मजकूर दुसरीकडे हलू शकतो, आणि आधी घेऊन ठेवलेला आतल्या घटकाचा पॉइंटर निरुपयोगी होतो.

कागदपत्रं अपुरी वाटली तर झिग एसटीडी ही कमांड चालवा, तुमच्याच आवृत्तीच्या स्टँडर्ड लायब्ररीची माहिती ब्राउझरमध्ये उघडते. तिथून थेट सोर्स वाचा. सोर्स फाइलमध्येच टेस्ट असतात, आणि कुठलं डीइनिट कोण बोलावतं हे त्यांत दिसतं. इंटरनेटवरची उदाहरणं घेताना आवृत्ती आधी तपासा. ०.१५ ऑगस्ट २०२५ मध्ये आली, त्याआधीच्या लेखांतला रीडरचा कोड नव्या रीडरवर जुळणार नाही.

धागाकर्ता

अलोकेटरची सही बघायची, हे डोक्यात पक्कं बसलं. माझा सगळा कोड त्या नजरेने पुन्हा वाचला. आणखी एका ठिकाणी कॉन्फिग फाइलमधली नावं अशीच बफराकडे बोट दाखवत होती. फाइल लहान असल्याने अजून बिघडली नव्हती.

शेवटचे दोन प्रश्न. एखादी ओळ बफरापेक्षा लांब आली तर? आणि हा प्रोग्रॅम सतत चालू ठेवून दर तासाला मोजणी शून्यावर आणायची असेल तर अरीना चालेल का?

प्रतिसाद ३

लांब ओळ आली तर स्ट्रीमटूलाँग ही एरर मिळते, डेटा गुपचूप कापला जात नाही. लॉगमध्ये स्टॅक ट्रेस एकाच ओळीत येत असतील तर बफर मोठा ठेवा. ओळीला वरची मर्यादाच नसेल, तर रायटरचा अलोकेटिंग प्रकार घेऊन त्यात स्ट्रीमडिलिमिटरने ओळ भरा.

अरीना चालेल, पण टेबल आणि नावं एकाच अरीनात ठेवू नका. रीसेट केल्यावर टेबलची जागाही जाईल आणि मॅप मात्र तिकडेच बोट दाखवत राहील. मॅपला साधा अलोकेटर द्या, नावांच्या प्रतींपुरता वेगळा अरीना ठेवा. तास संपला की आधी मॅपवर क्लिअररिटेनिंगकपॅसिटी, मग अरीना रीसेट, त्यालाही कपॅसिटी राखायला सांगून. टेबल तसंच राहतं, आणि पुढच्या तासात नावं साधारण तेवढीच असतील तर नवीन मेमरी क्वचितच मागावी लागते. नावांचे पॉइंटर आणखी कुठे जपून ठेवले असतील, अहवालाच्या यादीत वगैरे, तर तो अहवाल रीसेटच्या आधी लिहून फ्लश करा. ०.१५ च्या रायटरमध्येही बफर आहे, फ्लश राहिलं तर शेवटच्या काही ओळी बाहेर पडतच नाहीत.