आठवीपर्यंत सहज, नववीत गृहपाठ आवरेना : अनुभव सांगा

माझी मुलगी यंदा नववीत गेली. आतापर्यंत वर्गात एकदा ऐकलं की तिला पुरायचं, घरी वही उघडायची वेळ क्वचितच यायची. यंदा गणित आणि विज्ञानाच्या वरच्या पातळीच्या तुकड्यांत तिची निवड झाली. आवडीचे विषय आहेत, पण रात्री उशिरापर्यंत गृहपाठ संपत नाही. ज्यांची मुलं यातून गेली, जे स्वतः गेले किंवा जे शिकवतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. "हुशार आहे, होईल सवय" एवढंच नको. ते ऐकलं की ती आणखी गप्प होते.

अकरावीतल्या मुलाची आई
ताई, आमच्याकडे अगदी हेच होतं. आधी कुठल्या विषयाला किती वेळ जातो ते लिहून काढा. आम्हाला वाटायचं गणित जड जातंय. नोंद पाहिली तर गणित चटकन व्हायचं आणि संध्याकाळ जायची निबंधात. पहिला परिच्छेद मनासारखा उतरेपर्यंत तो पुढे सरकतच नसे. मग ठरवलं, आधी संपूर्ण कच्चा मजकूर, मग एकदाच दुरुस्ती, आणि वेळ संपली की वही बंद. सुरुवातीला रडारड झाली. पण ज्या निबंधाला त्याने "अर्धवट" म्हटलं, तो बाईंना उत्तम वाटला, आणि तिथून त्याचा विश्वास बसत गेला.

अंदाज चुकणं हाही मोठा भाग आहे. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना किती दिवस लागतील ते विचारलं होतं. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५ च्या आसपास. सगळंच बिघडलं तर किती लागतील, या प्रश्नाचं उत्तरही त्याहून कमी होतं. ज्यांना आजवर सगळं पटकन जमलं त्यांचा अंदाज तर हमखास कमी निघतो, असं मला आमच्या घरावरून वाटतं.

माध्यमिक शाळेत गणित शिकवतो
पालकांना कळकळीची विनंती, आमच्याशी बोला. त्याच दिवशी बाकीच्या विषयांना किती काम दिलंय, हे बहुतेक वेळा आम्हाला माहीतच नसतं. "फार होतं" असं मोघम सांगण्याऐवजी वर ताईंनी सुचवली तशी आठवडाभराची नोंद घेऊन या. तिच्यावर काहीतरी करता येतं. माझ्या वर्गात ज्याला हवं त्याने संचातली सगळ्यांत अवघड उदाहरणं आधी सोडवायची. ती बरोबर आली की त्याच पद्धतीची बाकीची माफ. जे येतं तेच वीस वेळा उतरवून घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

गृहपाठावरचं संशोधन एकत्र तपासणाऱ्या हॅरिस कूपर यांनीही माध्यमिक वर्गांसाठी रोज साधारण दीड ते अडीच तासांपुढे फारसा फायदा दिसत नाही, असं मांडलं आहे. तेव्हा मर्यादा मागताना संकोच करू नका.

सध्या कॉलेजात आहे
काकू, मुलीच्या बाजूने सांगते. नववीत पहिल्यांदा एक गणित अडलं तेव्हा मी कुणालाच विचारलं नाही. हुशार मुलीने विचारायचं नसतं, असं मनात पक्कं होतं. तुम्ही तिच्यादेखत एखादी न येणारी गोष्ट कुणाला तरी विचारा, तिला धीर येईल.

शिवाय कसा अभ्यास करायचा हे मला माहीतच नव्हतं, कधी गरजच पडली नव्हती. मी धडा पुन्हापुन्हा वाचत बसायचे. पुस्तक मिटून आठवेल ते लिहायला लागले आणि वेळ खूप वाचला. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. म्हणून पहिल्या दिवशी ही पद्धत कुचकामी वाटते. तिला सोडू देऊ नका.

दोन मुलांचा बाबा
झोपेची वेळ हलवू नका. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. वयात येताना झोप उशिरा येऊ लागते ती शरीराच्या घड्याळामुळे, त्यामुळे "पहाटे उठून कर" हा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही. आमच्याकडे उरलेलं काम "इतका वेळ बसला, एवढं झालं" अशा चिठ्ठीसह शाळेत जातं.

विशेष शिक्षिका
एक शक्यता तपासून घ्या. तोंडी उत्तर झरझर देते आणि तेच लिहायला तासन् तास घेते, असं आहे का? लेखनातली अडचण हुशारीखाली वर्षानुवर्षं झाकली जाते आणि लिखाण वाढलं की उघडी पडते. चाचणी करून घेतली तर जादा वेळ किंवा टाइप करण्याची मुभा मागता येते.

धागा सुरू करणारी
सगळ्यांचे मनापासून आभार. लिहायला वेळ लागतो हे खरंच आहे, चाचणीचं बघते. नोंद आजपासून ठेवतोय, ती स्वतःच ठेवणार म्हणते. अजून एक, गटाने करायच्या प्रोजेक्टचं काय? सगळं तिच्याच अंगावर येतं.

सध्या कॉलेजात आहे
काकू, पहिल्याच दिवशी कोण काय करणार ते गटाने लिहून सरांना द्यायचं. आणि दुसऱ्याचा भाग कच्चा वाटला तरी तिने रात्री बसून तो परत लिहायचा नाही. हे मला सगळ्यांत कठीण गेलं होतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.