मदत हवी आहे: शिनजियांगचे व्हिडिओ तपासायला चिनी वाचणारं कोणी आहे का?

रत्नागिरी-चिपळूणच्या गटांत सध्या चीनच्या शिनजियांग भागातल्या उइघुर मुसलमानांवरून रोज खडाजंगी होते. एक बाजू मिळेल तो व्हिडिओ पुढे ढकलते, दुसरी त्यातला एक खोटा निघाला की सगळंच थोतांड म्हणते. नुकसान होतं ते खरंच भोगणाऱ्यांचं.

कागदावर भक्कम आहे तो संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा ३१ ऑगस्ट २०२२ चा अहवाल. उइघुरांची तिथली मनमानी स्थानबद्धता मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरू शकते, असं तो म्हणतो. वंशसंहाराचा ठपका त्यात नाही, तेव्हा तो शब्द त्याच्या नावावर खपवू नका. लोकांना जिथे डांबलं त्या छावण्यांना चीन प्रशिक्षण केंद्रं म्हणतो. ६ ऑक्टोबर २०२२ ला मानवाधिकार परिषदेत यावर नुसती चर्चा घेण्याचा ठरावही १७ विरुद्ध १९ ने पडला. पाकिस्तान, कतार, इंडोनेशिया विरोधात, भारत तटस्थ.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या व्हिडिओत तारीख-ठिकाणाची मूळ नोंद बहुधा उरत नाही. म्हणून चार-पाच जागी थांबवून स्क्रीनशॉट काढायचा, वर चिकटवलेला मजकूर कापायचा आणि गूगल लेन्स आणि यांडेक्स हे रशियन सर्च इंजिन, दोन्हींत शोधायचा. जुना सापडला तर तिथेच बाद. नाहीतर पाट्या बघायच्या: शिनजियांगमध्ये चिनीसोबत बहुधा अरबी वळणाची उइघुर लिपी असते, गाडीचा नंबर 'शिन' या चिनी अक्षराने सुरू होतो.

इथेच अडतंय. उर्दूवाल्यांना अक्षरं लागतात, पण भाषा तुर्की कुळातली, अर्थ लागत नाही. जहाजावर असणाऱ्यांपैकी कुणाला चिनी पाटी वाचता येते का? कृपया कळवा.