ग्वाल्हेरचा किल्ला: टॅक्सी कोणत्या दरवाज्याने न्यायची? (तातडीने हवंय)

मेधा_कोथरूड
किल्ल्यावर जायला दोन वाटा आहेत म्हणे. टॅक्सी कोणत्या दरवाज्याने न्यायची? आणि शून्याचं देऊळ, म्हणजे ज्याच्या शिलालेखात जुनं शून्य कोरलंय ते, कोणत्या बाजूला येतं? टॅक्सीवाला आजच पक्कं करा म्हणतोय, नकाशावरून काही कळत नाहीये. प्लीज लवकर सांगा.

गडवाट
कधी जाताय? किती जण? पुण्याहून थेट की दुसरीकडून? मुक्काम आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सदाशिव_पेठ_३०
बरोबर वयस्कर कोणी असेल तर एवढ्या लांब कशाला? रायगड करा. हिरकणीवाडीतून रोपवेने वर गेलात की राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वर, समाधी असं सगळं दिवसात निवांत होतं.

मेधा_कोथरूड
रायगड झालाय. डिसेंबरात आग्र्याला लग्न आहे, तिथून टॅक्सीने ग्वाल्हेर, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी झेलम एक्सप्रेसने पुणे. मी आणि आई. दरवाज्याचं सांगा ना.

गडवाट
गाडी उरवाई दरवाज्याने थेट वर जाते. चढताना दोन्ही अंगांना कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती आहेत, एक तर पन्नास फुटांहून उंच. तिथे गाडी थांबवायला सांगा, नाहीतर ड्रायव्हर सरळ पुढे नेतो. वर तेली का मंदिर, सास-बहू मंदिरं (१०९३ सालची) आणि मानसिंह तोमराचा मानमंदिर महाल. माथा जवळजवळ अडीच किलोमीटर लांब आहे, म्हणून गाडी वर सोबत ठेवा.
पण चतुर्भुज मंदिर, म्हणजे तुमचं शून्याचं देऊळ, या वाटेवर लागत नाही. ते पलीकडच्या ग्वाल्हेर दरवाज्याच्या चढावर आहे आणि तिथे पायीच जावं लागतं.

वानवडीकर
ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा जयविलास पॅलेस चुकवू नका. दरबार हॉलमधली झुंबरं आणि जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी बघण्यासारखी आहे. आणि पुण्यात राहून आमच्या वानवडीची शिंदे छत्री पाहिली नसेल तर आधी ती पाहा. महादजी १७९४ साली इथेच वारले.

मेधा_कोथरूड
पॅलेसचं नंतर बघू. देऊळ पायीच असेल तर चढ किती आहे? आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, तिला महाल नाही बघितला तरी चालेल, पण ते शून्य बघायचंच आहे.

गडवाट
हे आधी सांगायचं! मग असं करा. गाडीने वर जा, मानमंदिर बघा, ड्रायव्हरला खाली ग्वाल्हेर दरवाज्याशी पाठवा आणि तुम्ही हत्ती पोळातून (मानमंदिराजवळच्या दरवाज्यातून) उतरा. लक्ष्मण दरवाज्याच्या खालीच देऊळ आहे. पुढे पायथ्याला गुजरी महाल, त्यात संग्रहालय आहे (सोमवार टाळा). मानमंदिराच्या भिंतीवरच्या निळ्या फरशा, पिवळी बदकं याच वाटेवरून नीट दिसतात.

संधिवात_अनुभवी
उतार? ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो. खालून सावकाश चढवा, देऊळ बघा आणि तिथूनच परत फिरा.

गडवाट
परत फिरलं तरी उतरावं लागणारच की! देऊळ वरच्या अंगाला आहे, खालून गेलात तर जवळजवळ अख्खा चढ चढून पुन्हा तेवढंच उतरायचं. माझ्या सासूबाई काठी घेऊन, बसत बसत आरामात उतरल्या.

संधिवात_अनुभवी
तुमच्या सासूबाईंचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. मेधाताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका.

शके_१७
जगातलं पहिलं शून्य असा फलक पाहून भारावून जाऊ नका. कंबोडियात शके ६०५ चा, म्हणजे इ.स. ६८३ चा लेख आहे, त्यात शून्यासाठी ठिपका आहे. ग्वाल्हेरचा ८७६ चा.

अंकमित्र
तारखेवरून त्याची किंमत कमी होत नाही. आतल्या भिंतीवरच्या लेखात देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब, १८७ हात रुंद जमीन दिल्याचं आणि रोज ५० हारांची सोय केल्याचं लिहिलंय. २७० आणि ५० मधलं शून्य म्हणजे छोटंसं वर्तुळ, आज आपण काढतो तसंच. कुणी सिद्धांत मांडलेला नाही, साधा बागेचा हिशोब आहे, म्हणजे तेव्हा लोक सहज वापरत होते. मेधाताई, आईंना आधी लेखाचा फोटो दाखवून ठेवा, अक्षरं बारीक आहेत. आम्ही गेलो तेव्हा कुलूप होतं, पहारेकऱ्याला विचारल्यावर उघडलं. टॉर्च न्या.

वानवडीकर
डिसेंबरात तिकडे धुकं असतं. आग्र्याहून पहाटे निघू नका, परतीची झेलमही उशिरा धावेल असं धरूनच चाला.

मेधा_कोथरूड
टॅक्सी उरवाईने वर आणि मग खाली ग्वाल्हेर दरवाज्याशी, असं आत्ताच सांगितलं. उतरायचं की नाही ते आईच्या डॉक्टरांना विचारून ठरवते. वर बसायला जागा आहे का?

गडवाट
तेली मंदिराजवळ दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. सावली, पाणी, लंगर सगळं मिळेल. तिथे अर्धा तास टेकवा आईंना, मग मानमंदिर. तिथले तळघराचे जिने अरुंद आणि काळोखे आहेत, ते मात्र नकोच.

पर्वती_पायथा
अशीच माहिती चितोडची कोणी देईल का? आम्ही सहा जण, दोन लहान मुलं.

गडवाट
वेगळा धागा काढा. आणि महिना आधी सांगा.