मेनकून मांजराच्या जीन रिपोर्टात एक कॉपी खराब आलीय, काय करू?

शहापूरचा_भीमा
नमस्कार मंडळी, मी बेळगाव शहापूरचा. आमचा भीमा, मेनकून बोका, १४ महिन्यांचा, ७ किलोचा. त्याचा सख्खा भाऊ निपाणीत एकांकडं होता तो मागच्या महिन्यात अचानक गेला, हार्टचं म्हणाले, म्हणून घाबरून मी गालातला स्वॅब देऊन जीनची टेस्ट केली तर ए३१पी (हृदयाच्या आजाराशी जोडलेला जीनमधला बदल) एक कॉपी पॉझिटिव्ह, म्हणजे आई-बापाकडनं आलेल्या दोन कॉपींतली एक खराब. डॉक्टरांनी छाती तपासली, हृदयात जादा आवाज काही नाही म्हणाले. तरी रात्री उठून पोटावर हात ठेवून बघायलोय श्वास चालू आहे का. त्यात टिळकवाडीतले एक काका त्यांच्या पर्शियनशी क्रॉस करूया म्हणून मागं लागलेत. करावं का? आणि लौकर जाणार का ओ हा?

खानापूरची_माऊ
दादा, आमची पर्शियन ४ वर्षांची, कधी आजारी म्हणून नाही. गणपतीत एकदा पहाटे असली ओरडली की मांजराचा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता, मागचे दोन्ही पाय ओढत कॉटखालनं बाहेर आली. पाय धरले तर गार, पंजाच्या गुलाबी गाद्या निळ्या पडलेल्या. आम्हाला वाटलं साप चावला, त्यातच तास गेला. हृदयात गुठळी झालेली ती मागच्या पायांकडच्या मोठ्या नसेत अडकली होती. संध्याकाळी गेली. तिच्याही छातीत कधी आवाज नव्हता, म्हणून सांगते, आवाज नाही यावर राहू नका, इको (हृदयाची सोनोग्राफी) करा.

चिकोडीकर
जनावरांच्या दवाखान्यात काम करतो म्हणून लिहितोय. २००५ मध्ये मेनकूनमध्ये हा बदल सापडला, हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रोटीनच्या जीनमध्ये, त्यानं डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. पण एक कॉपी म्हणजे आजार झालाच असं नाही, बरीच मांजरं म्हातारी होईपर्यंत ठीक असतात, खरा धोका दोन कॉपीवाल्यांना. उलट रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी आजार होऊ शकतो, कारण सगळे जीन अजून सापडलेले नाहीत. रॅगडॉल जातीच्या मांजरांतला बदल त्याच जीनमध्ये पण वेगळ्या जागी, २००७ चा, आणि पर्शियनला हा आजार होतो पण अशी टेस्टच नाही. त्यामुळं काकांच्या मांजरीचं हृदय कसं आहे हे इको केल्याशिवाय कुणालाच कळणार नाही, आणि भीमाकडनं निम्म्या पिल्लांना ही कॉपी जायची शक्यता. मी तर करू देणार नाही, पिल्लं लोकं हौसेनं नेतात आणि मग खानापूरच्या ताईंसारखं बघावं लागतं. इको मात्र दरवर्षी करा, एकदा नॉर्मल आला म्हणून सोडू नका. नसबंदी करणार असाल तर इको आधी, आणि भूल देणाऱ्याला रिपोर्ट दाखवा, जाड हृदयाच्या मांजराला सलाईन जास्त झालं तरी फुफ्फुसात पाणी होतं.

अनगोळ_अक्का
पोटावर हात ठेवू नकोस रे बाळा, त्यानं जाग येते. गाढ झोपल्यावर लांबून बघ, पोट वर-खाली एकदा म्हणजे एक, पूर्ण मिनिट मोज. ३० च्या आत पाहिजे. घुरघुरत असताना मोजायचं नाही. वहीत लिहून ठेव, वाढत चाललं तर थांबायचं नाही. तोंड उघडून धापा टाकायला लागला तर रात्र असो की काय, तसाच उचलून न्यायचा.

शहापूरचा_भीमा
सगळ्यांचे आभार. काल २२ आले, आज २४. मंगळवारी कोल्हापूरला इको ठरलाय. काकांना नाही म्हणून सांगितलं, थोडे नाराज झाले. माऊताई, तुमचं वाचून भाऊवाल्यांना निपाणीला फोन केला, त्याचेपण मागचेच पाय गेले होते म्हणे.