नवी गीतकार आहे, रॉयल्टीसाठी नाव कुठे नोंदवू?

सांजवेळ: नमस्कार मंडळी. मी नाशिकची. शब्द माझे, चाल मित्राची, गायलाही तोच. डिस्ट्रिब्युटरमार्फत गाणी स्पॉटिफाय-यूट्यूबवर चढवली आहेत. आता आयपीआरएस, पीपीएल, इसाम्रा ही नावं कानावर येतात. न्यू जर्सीचा भाऊ म्हणतो, सरळ बीएमआय घे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खर्जातला: तुम्ही आयपीआरएस, ती गीतकार-संगीतकारांची संस्था. विषय संपला :) मित्राचं थोडं वेगळं. चालीसाठी तोही आयपीआरएसमध्ये, पण गळ्यासाठी इसाम्रा, कारण ती गायक-वादकांची संस्था. पीपीएलचा संबंध रेकॉर्डिंगच्या मालकाशी, म्हणजे बहुतेकदा लेबलशी (म्युझिक कंपनीशी). डिस्ट्रिब्युटर देतो ते पैसे रेकॉर्डिंगचे असतात. शब्द-चालीचा हिस्सा निराळा, आणि नवखे नेमके तिथेच गाफील राहतात. चार पैसे आले की वाटतं, सगळे आले.

परदेशी_पाखरू: भावाचा सल्ला तिथल्यापुरता बरोबर आहे. बीएमआय (1939) आणि ॲस्कॅप (1914) या अमेरिकेतल्या संस्था, दोन्ही फक्त सार्वजनिक सादरीकरणाची रॉयल्टी गोळा करतात. स्ट्रीमिंगच्या मेकॅनिकल रॉयल्टीसाठी (गाण्याची प्रत बनवण्याचे पैसे) तिथे 2021पासून एमएलसी ही वेगळीच संस्था आहे. आयपीआरएस या दोन्ही रॉयल्टी बघते आणि परदेशी संस्थांशी तिचे करारही आहेत. श्रोते इथले असताना तिकडे कशाला जायचं? एकाच हक्कासाठी दोन संस्थांत नाव तर मुळीच नको, दावे एकमेकांवर आदळतात.

वकीलकाका: लेबलवाला 'एकरकमी घ्या आणि सगळे हक्क द्या' म्हणाला तर सही करण्याआधी 2012ची कॉपीराइट दुरुस्ती वाचा. हक्क विकले तरी रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. करारात उलटं लिहिलं असेल तर ते कलम टिकत नाही.

सांजवेळ: खूप आभार! एक शंका. मुखडा चालीवर बसेना म्हणून मित्राने दोन ओळी बदलल्या. आता शब्दांतही वाटा मागतोय.

खर्जातला: मागू दे, पण आकडा आजच ठरवा. व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी. संस्थेत नाव घातलं म्हणजे झालं असं नाही, प्रत्येक गाण्याची वेगळी नोंद करावी लागते आणि तिथे कुणाचा किती टक्के ते भरायचं असतं. दोघांनी वेगवेगळे आकडे भरले की पैसे अडकतात. गाण्याचं नावही सगळीकडे एकाच स्पेलिंगमध्ये ठेवा. नाव रोमन लिपीत भरताना एक 'एच' कमी-जास्त झाला तरी जुळणी चुकू शकते.

मांडववाला: आमच्याकडे लग्नात वाजलं तर पैसे मिळतील का हो?

वकीलकाका: लग्नातल्या गाण्यांना कायद्यात सवलत आहे, पण हॉटेल-हॉलवाल्यांमुळे वाद कोर्टात जातात. गोवा सरकारचं याबाबतचं परिपत्रक उच्च न्यायालयाने 2024मध्ये रद्द केलं. त्यावर वेगळा धागा काढा, इथे विषयांतर होईल.